घरगुती संगणकाचे भाग बदलल्यानंतरचे बिघाड : शोध व उपाय

ग्रामीण भागातील घरांत, शाळांत आणि पंचायतींच्या कचेऱ्यांत आज जे संगणक दिसतात, त्यांपैकी पुष्कळसे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले आहेत. दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस निर्मात्यांकडून मिळणारा सर्वसाधारण आधार संपला आणि जुने यंत्र टाकून द्यावे की त्यातील काही भाग बदलून ते आणखी काही वर्षे चालवावे, असा प्रश्न अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. संपूर्ण नवीन संगणकाच्या मानाने रॅमची एक पट्टी आणि एक एसएसडी यांस येणारा खर्च पुष्कळच कमी असतो. त्यामुळे तालुक्याच्या गावाहून हे भाग आणावयाचे आणि ते घरच्या घरी बसवावयाचे, असा प्रघात पडू लागला आहे. बसविण्याचे काम बहुधा घरातील कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा एखादा हौशी शिक्षक अंगावर घेतो. भाग बसविणे हे फारसे अवघड काम नाही. खरी कसोटी लागते ती पेटी बंद करून खटका दाबल्यावर यंत्र सुरू होत नाही तेव्हा.

अशा वेळी नवा भागच खराब निघाला, असा निष्कर्ष नवशिका तत्काळ काढतो आणि दुकानदाराकडे धाव घेतो. वस्तुतः नवा भाग सदोष असण्यापेक्षा तो नीट न बसणे, त्या यंत्राशी न जुळणे किंवा तो बसविताना शेजारची एखादी जोडणी सैल होणे, हीच कारणे अधिक वेळा आढळतात. त्यांचा छडा घरी बसून लावता येतो. मात्र त्यासाठी घाई न करता क्रमाने जावे लागते.

विजेविषयी दक्षता

पेटी उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करून भागत नाही. भिंतीतील प्लग काढून घ्यावा आणि त्यानंतर संगणकाचे सुरू करण्याचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डावर शिल्लक राहिलेला विद्युत्‌भार निघून जातो. रॅम किंवा प्रोसेसर हाती घेण्यापूर्वी पेटीच्या न रंगविलेल्या धातूस हात लावावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत टेरिलिनचे किंवा लोकरीचे कपडे घातलेल्या माणसाच्या अंगावर स्थिर विद्युत् साठते. माणसाला जाणवणारही नाही एवढ्या तिच्या ठिणगीने नाजूक चिप निकामी होऊ शकते. इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादकडील कोरड्या हवेत ही काळजी जितकी आवश्यक, तितकी पावसाळ्यातील गोव्यात भासत नाही. तथापि सवय म्हणून ती सर्वांनीच पाळावी.

वीजपुरवठ्याची जी चौकोनी डबी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. ती कोणत्याही कारणास्तव उघडू नये. २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून या डबीत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक दाब तयार होतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ आतील कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. डबी बिघडली असेल तर ती बदलावी. तिची दुरुस्ती हा घरगुती उद्योग नव्हे.

भाग बदलल्यानंतर पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, अशीही तक्रार ऐकू येते आणि तिचा दोष नव्या भागावर ठेवला जातो. कारण बहुधा निराळे असते. एसएमपीएसमध्ये विजेतील गडबड गाळण्यासाठी जे कपॅसिटर बसविलेले असतात, त्यांच्यातून अत्यल्प प्रवाह पेटीच्या धातूवर येतो आणि अर्थिंगच्या तारेवाटे जमिनीत जातो. घराला अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन निष्क्रिय असेल, तर तो प्रवाह हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. झिणझिण्या पूर्वीपासूनच होत्या. पेटी उघडण्याच्या निमित्ताने त्या प्रथम जाणवल्या इतकेच. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग करून घेणे हा यावरील एकमेव उपाय होय.

मूळ सूत्र

समजा, एका शिक्षकाने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या संगणकात एकाच दुपारी रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड असे तीन भाग बसविले आणि यंत्र सुरू होईना. दोष तिघांपैकी कोणाचा, हे आता कसे ठरवावे ? एकेका भागावर संशय घेत बसल्याने काही निष्पन्न होत नाही. तिन्ही नवे भाग काढून जुने होते तसे बसवावेत. यंत्र सुरू झाले तर मूळ संगणक शाबूत आहे हे सिद्ध झाले. मग एकच नवा भाग बसवावा, यंत्र सुरू करून पाहावे, बंद करावे, प्लग काढावा आणि दुसरा बसवावा. ज्या पायरीवर यंत्र अडेल, तेथेच बिघाड आहे. जुने भाग परत बसवूनही यंत्र सुरू झाले नाही, तर नव्या भागांचा काही संबंध नसून हात फिरताना एखादी केबल निसटली आहे, असे समजून शोध घ्यावा.

या पद्धतीस वेळ लागतो हे खरे. परंतु दुसऱ्या पद्धतीने वाचविलेला वेळ पुढे दुप्पट द्यावा लागतो. पेटी उघडल्याबरोबर आतील जोडण्यांची दोन-चार छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवली असतील, तर निम्मे काम हलके होते.

यंत्र मुळीच सुरू न होणे

पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, अशी स्थिती असेल तर प्रथम भिंतीतील सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून वीज आहे याची खात्री करावी. एसएमपीएसच्या पाठीमागे एक छोटा खटका असतो. काम करताना तो बंद केला जातो आणि पुष्कळदा तसाच राहून जातो. काही जुन्या डब्यांवर ११५ आणि २३० असे आकडे असलेला लाल खटका असतो. भारतात तो नेहमी २३० वरच असला पाहिजे. चुकून ११५ वर सरकला आणि वीज सुरू झाली, तर डबी जळते.

त्यानंतर मदरबोर्डाला येणारा २४ पिनांचा मोठा प्लग शेवटपर्यंत बसला आहे का, ते पाहावे. तो बसविण्यास बराच जोर लागतो आणि मदरबोर्ड वाकेल या भीतीने नवशिका अर्ध्यावर थांबतो. पेटीच्या दर्शनी बटणाकडून येणारी बारीक दोन तारांची जोडणी निसटली असेल तरीही यंत्र निपचित राहते. मदरबोर्डच बदललेला असेल तर त्याखालील पितळी आधारखुंट्या तपासाव्यात. जेथे मदरबोर्डाला छिद्र नाही तेथे जुनी खुंटी राहून गेली असेल, तर ती पाठीमागील जोडण्यांना टेकून शॉर्ट सर्किट करते. अशा वेळी पंखा क्षणभर हलतो आणि थांबतो.

एक धोक्याची सूचना येथे देणे आवश्यक आहे. काही एसएमपीएसच्या केबली सुट्या काढता येतात. नवी डबी आणल्यावर जुन्या केबली तशाच ठेवून त्या नव्या डबीला जोडण्याचा मोह होतो. प्लगचा आकार सारखा दिसला तरी निरनिराळ्या निर्मात्यांच्या डब्यांत तारांचा क्रम वेगळा असतो आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळू शकते. डबीबरोबर आलेल्याच केबली वापराव्यात.

पंखे फिरतात, पडदा मात्र काळा

हा बिघाड सर्वांत अधिक आढळतो आणि त्याची कारणेही विविध आहेत. पहिले कारण इतके साधे आहे की ते कोणाच्या ध्यानात येत नाही. नवे ग्राफिक्स कार्ड बसविल्यावर पडद्याची केबल जुन्याच जागी, म्हणजे मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये राहते. कार्ड बसविल्यानंतर बहुतेक यंत्रांत चित्र कार्डातून बाहेर पडते. केबल तेथे लावताच पडदा उजळतो.

दुसरे कारण रॅम. रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ च्या पट्टीला २४० पिना असतात आणि तिला १·५ व्होल्ट लागतात. डीडीआर४ ला २८८ पिना व १·२ व्होल्ट. डीडीआर५ ला पिना तेवढ्याच, परंतु १·१ व्होल्ट. प्रत्येकीची खाच निराळ्या ठिकाणी कापलेली असते, ती चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच. पट्टी बसत नसेल तर जोर न लावता तिच्यावरील लेबल वाचावे. योग्य पट्टी असेल तर दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा; कड्या टकटक आवाज करून आपोआप मिटतात. एक टोक बसले आणि दुसरे केसभर वर राहिले, तरी पडदा काळाच राहतो.

दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवरच यंत्र सुरू करावे आणि मग दुसरीची परीक्षा घ्यावी. चार खाचांच्या मदरबोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात. तरी मदरबोर्डाबरोबर आलेल्या पुस्तिकेचा शब्द अखेरचा मानावा. कोकण व गोव्याच्या दमट हवेत जुन्या पट्टीच्या सोनेरी पिनांवर पुट चढते. दुरुस्ती करणारे कारागीर ते पांढऱ्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून काढतात आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते. खोडरबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये. डीडीआर५ बसविलेल्या नव्या यंत्राच्या बाबतीत थोडा धीर धरावा, कारण पहिल्यांदा सुरू होताना असे यंत्र रॅमची चाचपणी करीत काही मिनिटे काळा पडदा दाखवू शकते. या अवधीत बटण बंद करणारे लोक विनाकारण घाबरतात.

तिसरे कारण अपुरी वीजजोडणी. प्रोसेसरसाठी मदरबोर्डाच्या कोपऱ्यात चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र जोडणी असते. ती विसरली तर पंखे फिरतात, परंतु प्रोसेसर जागा होत नाही. ग्राफिक्स कार्डाला खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ज्या कार्डाला याहून अधिक लागतात, त्याच्या माथ्यावर सहा किंवा आठ पिनांचे सॉकेट असते आणि ते रिकामे ठेवून चालत नाही.

यंत्र सुरू होताना मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि अडल्यास शिट्ट्यांनी सूचना देतो. शिट्ट्यांचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो, म्हणून त्या मोजून पुस्तिकेशी ताडून पाहाव्यात. नव्या मदरबोर्डांवर शिट्टीऐवजी रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स अशी नावे लिहिलेले बारीक दिवे असतात. सर्व उपाय थकल्यावर प्लग काढून मदरबोर्डावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी काही मिनिटे बाहेर काढून ठेवावी. त्यामुळे साठलेल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि यंत्र मूळ स्थितीतून सुरू होण्याचा प्रयत्न करते. नवा प्रोसेसर बसविला असेल तर तो त्या मदरबोर्डाच्या बायोसला ओळखता येतो किंवा नाही, हे निर्मात्याच्या यादीत पाहावे. तो सॉकेटमध्ये बसला म्हणजे चाललाच पाहिजे असे नाही. तसेच इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर केवळ ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. स्वतंत्र कार्डाशिवाय त्यावर चित्र दिसणार नाही.

नवी डिस्क आणि जुनी माहिती

आतापर्यंत सांगितलेल्या बिघाडांत फार तर पैशांची हानी होते. डिस्कच्या बाबतीत मात्र जे गमावले जाते ते विकत मिळत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर शाळेच्या निकालपत्रकांच्या फायली, बचत गटाचे हिशेब, जमिनीच्या कागदांच्या प्रती, गेलेल्या माणसांची छायाचित्रे असतात. यास्तव हा भाग सावकाश वाचावा.

नव्या एसएसडीवर प्रणाली बसविताना जुनी हार्ड डिस्क मदरबोर्डापासून सोडवून ठेवावी. यास दोन कारणे आहेत. प्रणाली बसविणारा कार्यक्रम डिस्कना नावांऐवजी शून्य, एक असे क्रमांक देतो आणि नवशिक्याच्या हातून जुन्याच डिस्कचे विभाग पुसले जाण्याचा संभव राहतो. दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना प्रणाली नव्या डिस्कवर बसते, पण यंत्र सुरू करणारा छोटा विभाग कधी कधी जुन्या डिस्कवरच राहतो. यंत्र उत्तम चालते. पुढे सहा महिन्यांनी जुनी डिस्क काढली की ते सुरूच होत नाही आणि कोणालाही कारण उमगत नाही.

नवी डिस्क यंत्राला दिसतच नसेल तर तिचा प्रकार पाहावा. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एम.२ एसएसडीचे साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात आणि काही मदरबोर्डांची खाच त्यांपैकी एकच स्वीकारते. काही मदरबोर्डांत एम.२ खाच वापरली की साटाची एक-दोन सॉकेट बंद पडतात. त्यामुळे नवी डिस्क बसविल्यावर जुनी नाहीशी झाली, असा भास होतो. जुनीची केबल शेजारच्या सॉकेटमध्ये लावली की ती पुन्हा दिसते. कोरी डिस्क दुसरी म्हणून जोडली असेल, तर डिस्क व्यवस्थापनात जाऊन तिची प्राथमिक आखणी केल्याशिवाय ती फायलींच्या खिडकीत येत नाही.

मात्र माहिती असलेली जुनी डिस्क जोडल्यावर ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी काय ?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर ‘होय’ हे उत्तर कदापि देऊ नये. केबल बदलून, दुसरे सॉकेट वापरून, दुसऱ्या संगणकाला लावून पाहावे. मदरबोर्ड बदलल्यानंतर जुन्या डिस्कवरून यंत्र सुरू होत नाही, याचाही अर्थ डिस्क रिकामी झाली असा होत नाही. जुन्या पद्धतीने आखलेली डिस्क नवे मदरबोर्ड पुष्कळदा सुरू करीत नाहीत. परंतु ती दुसरी डिस्क म्हणून जोडल्यास माहिती जशीच्या तशी वाचता येते. याउलट एसएसडीवरून पुसलेली माहिती परत मिळणे फार दुरापास्त असते, कारण पुसलेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते.

अलीकडील अनेक यंत्रांत डिस्कवरील माहिती बिटलॉकर नावाच्या व्यवस्थेने कुलूपबंद केलेली असते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाले, की यंत्र ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागते. तो नसेल तर निर्मातेही मदत करू शकत नाहीत. भाग बदलण्यापूर्वीच तो क्रमांक मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून वहीत लिहून ठेवावा.

चालता चालता बंद पडणे

यंत्र सुरू होते, दहा-पंधरा मिनिटे चालते आणि बंद पडते, अशी तक्रार असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरवरील पंखा काढून पुन्हा बसविला असल्यास जुना लेप पुसून नवा लेप वाटाण्याएवढा लावला होता काय ? नव्या पंख्याच्या तळाचे पारदर्शक प्लॅस्टिक सोलले होते काय ? चार खुंट्यांनी बसणाऱ्या पंख्याची एक खुंटी अर्धवट बसली, तरी तो एका बाजूला उचलला जातो. बहुतेक प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या जवळपास गेले की प्रथम मंद होतात आणि तरीही तापमान वाढत राहिल्यास यंत्र बंद पडते.

दुसरा प्रकार खेड्यांत विशेष दिसतो. संगणक थेट विजेवर व्यवस्थित चालतो. वीज गेली की यूपीएस असूनही तत्क्षणी बंद होतो. सामान्यतः ६०० व्हीए अशी खूण असलेला यूपीएस सुमारे ३६० वॅटचाच भार सोसतो. जुन्या संगणकाला तो पुरत होता. ग्राफिक्स कार्ड आल्यावर भार वाढला आणि बॅटरीही तीन-चार वर्षांची झालेली. येथे संगणकात दोष नाही. पडदा व संगणक यांखेरीज यूपीएसला प्रिंटर जोडला असेल तर तो आधी काढावा; लेझर प्रिंटर तर यूपीएसला कधीच जोडू नये.

मधूनच निळा पडदा येऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर दोन निरनिराळ्या मेळांच्या रॅमपट्ट्या एकमेकींशी जुळत नसण्याचा संभव असतो. विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोय आहे. ती रात्रभर चालू द्यावी. एकही चूक दाखविली गेली तर एकेक पट्टी ठेवून तपासणी पुन्हा करावी.

जे बिघाड नव्हेत

एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइट दाखविते, यात दुकानदाराने फसविलेले नसते. निर्माता दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच हा फरक आहे. आठ गिगाबाइट रॅम बसवूनही चारच्या आतच वापरात येत असेल, तर प्रणाली ३२ बिटांची आहे काय, ते पाहावे. रॅम व एसएसडी बदलल्यामुळे प्रत्येक यंत्र विंडोज ११ साठी पात्र होते, हा समजही बरोबर नाही. त्यासाठी टीपीएम २·० आणि साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. याहून जुन्या यंत्रावर लिनक्स बसविणे हा चांगला पर्याय आहे.

मराठी लेखन करणाऱ्यांना एक निराळीच अडचण येते. नवी प्रणाली बसविल्यावर जुनी मराठी पत्रे उघडली असता इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग दिसते आणि फायली खराब झाल्या असे वाटते. त्या खराब झालेल्या नसतात. युनिकोडपूर्व काळात पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्री-लिपि यांतील फॉन्ट वापरून टंकलिखित केलेला मजकूर तोच फॉन्ट यंत्रात असल्याशिवाय वाचता येत नाही. जुन्या डिस्कवरील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरमधून ते फॉन्ट नव्या यंत्रात घ्यावेत आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा.

शाळेच्या किंवा कचेरीच्या मालकीच्या संगणकास हात लावण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती घ्यावी व काढलेल्या भागांची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत करावी. घरच्या यंत्राचे काढलेले भागही निदान महिनाभर जपून ठेवावेत, कारण वर सांगितलेली उलट तपासणी त्यांच्यावाचून होत नाही. दुकानात यंत्र न्यावेच लागले, तर कोणता भाग कोणत्या दिवशी बदलला, त्यानंतर प्रथम काय घडले आणि कोणते उपाय करून पाहिले, हे एका कागदावर लिहून सोबत द्यावे. जुनी डिस्क मात्र काढून घरीच ठेवावी. निरुपयोगी ठरलेले भाग भंगारवाल्यास न देता, दि. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावेत आणि डिस्क देण्यापूर्वी तीवरील माहितीची प्रत घेऊन ती पूर्णपणे पुसून टाकावी.